दूरचे आप्त



परदेशी निघालेला मनुष्य प्रेक्षणीय स्थळांची यादी करतो. तिकडे स्थायिक झालेल्या दूरच्या आप्तांची क्वचितच करतो. डहाणू-तलासरीकरांना तरी हे शोभत नाही. तलासरीलगतच्या संजाण येथे इराणातून आलेल्या पारशांना आश्रय मिळाला. संजाण पडल्यावर त्यांचा पवित्र अग्नी डहाणू तालुक्यातील बहरोटच्या गुहांत १२ वर्षे जपला गेला, असे परंपरा सांगते.

मागे राहिलेल्या भाऊबंदांना मात्र हा समाज विसरला नाही. मुंबईच्या पारशांच्या वतीने मानेकजी लिमजी हातरिया १८५४ साली इराणास गेले. तेथील स्वधर्मीयांवरील जिझियाचा जाच त्यांनी पाहिला, शहाच्या दरबारी अनेक वर्षे खटपट केली आणि १८८२ साली तो कर रद्द झाला. इराणातून पुढे आलेल्या कुटुंबांनीच डहाणू-घोलवडला चिकूच्या बागा फुलविल्या.

विचारपूस करावयास गेलेल्या एका माणसाने एवढे घडविले. आपल्याला तर एक सायंकाळच राखून ठेवावयाची आहे. लंडन वा टोरांटोच्या आप्तांकडे जावे, वडीलधाऱ्यांकडून जुनी नावेगावे लिहून घ्यावीत आणि त्यांच्या मुलांना गावी येण्याचे आग्रहाचे निमंत्रण द्यावे.