पेशीचा पहारेकरी
(स्नेहसंमेलनातील भाषण)



“प्रयोगशाळेत तू नेमकं करतेस काय?” असं अनेकांनी विचारलं. थोडक्यात सांगते.

आपल्या पेशीत पी-५३ नावाचं प्रथिन असतं. ते १९७९ साली सापडलं. डीएनएला इजा झाली की ते डीएनएवर ठरावीक जागी बसतं आणि पेशीचं विभाजन थांबवणारी जनुकं चालू करतं. माणसाच्या सुमारे निम्म्या कर्करोगांत त्याच्याच जनुकात बिघाड आढळतो.

त्यावर औषध शोधायचं तर हे प्रथिन शुद्ध हवं. म्हणून माणसाचं जनुक ई. कोलाय जिवाणूत घालून ते बनवून घेतो. पण पी-५३ फार नाजूक! जिवाणू ३७ अंश सेल्सियसला वाढवतो, मग तापमान २० अंशांच्या आसपास उतरवतो आणि थोडं जस्त घालतो. जस्ताशिवाय त्याची घडी नीट बसत नाही. घाई केली तर गुठळ्या होतात. घडी विस्कटलेल्या प्रथिनावर तपासलं, तर चांगलं औषधही निकामी ठरेल. म्हणून ते डीएनएला चिकटतं का, हे आधी पाहतो. मगच पुढचा प्रयोग.

नुसतं उत्तर नको, रीतही दाखवा, हे आपण याच शाळेत शिकलो. तिथे रीत चुकली तर गुण जायचे. इथे फटका रुग्णाला बसतो.