परदेशगमनापूर्वी
(वार्षिक संमेलनातील भाषण)



परदेशी जाऊन तेथील भाषा शिकावी, अशी आकांक्षा आपल्या मुलींच्या मनात उत्पन्न होत आहे, ही आनंदाची गोष्ट होय. जर्मनीत ‘ओ पेअर’ म्हणून जाणे हा त्याचा एक मार्ग आहे. या फ्रेंच शब्दांचा अर्थ ‘बरोबरीच्या नात्याने’ असा आहे. अशी मुलगी यजमानांच्या घरी राहते, मुले सांभाळते, हलके घरकाम करते व भाषा शिकते. तिला मोलकरीण म्हणून हिणविणे योग्य नव्हे.

परंतु ही बरोबरी कागदपत्रांच्या आधारावरच टिकते. व्हिसाचा अर्ज करताना वय २७ वर्षांच्या आत असावे लागते व जर्मन भाषेचे ए-१ पातळीचे ज्ञान लागते. काम आठवड्यास ३० तासांहून अधिक नसावे. हातखर्च दरमहा २८० युरो, मुदत फार तर एक वर्ष आणि विम्याचा खर्च यजमानांचा. हे सर्व करारात लिहून घ्यावे.

“आधी पर्यटनाच्या व्हिसावर जा, पुढचे तेथे पाहू,” असे सांगणाऱ्या दलालास उंबरठ्यावरूनच परत पाठवावे. तशा व्हिसावर काम करणे बेकायदा ठरते. मग अन्याय झाला तरी दाद मागण्याचे धैर्य मुलीस राहत नाही. पासपोर्टही कोणाच्या हवाली करू नये.

सोयरीक जुळविताना आपण घराण्याची जेवढी चौकशी करतो, तेवढीच यजमानांचीही करावी. करार व अर्ज समजावून देण्याचे काम मंडळाने अंगावर घ्यावे आणि आमच्यासारख्या निवृत्त शिक्षकांनी त्यास वेळ द्यावा, अशी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.