सरकारी हुकूम हाती आल्यावर वकील कसा निवडावा?

(एका विहारात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मी धम्माचा अभ्यासक नाही, मी वकील आहे. वकिलाजवळ जे असते तेच तो देऊ शकतो. म्हणून आज मी आपल्यापुढे एक रूक्ष परंतु अत्यंत निकडीचा विषय मांडणार आहे. सरकारी कचेरीतून आपल्याविरुद्ध एखादा हुकूम निघाला, नोकरीतून काढले, जातीचा दाखला अवैध ठरविला, तर कोणाकडे जावे आणि कसे जावे?

हा प्रश्न आपल्याला इतरांपेक्षा अधिक जवळचा आहे. १९५० सालच्या अनुसूचित जातींच्या आदेशात प्रारंभी मुख्यतः हिंदूंचाच समावेश होता. १९५६ साली त्यात शीख आले आणि बौद्ध आले ते १९९० साली. १९५६ मध्ये ज्यांनी धम्मदीक्षा घेतली, त्यांना केंद्राच्या सवलतींसाठी चौतीस वर्षे थांबावे लागले. आज कायदा स्पष्ट आहे. अनुसूचित जातीतील कुटुंबाने बौद्ध धम्म स्वीकारला म्हणून त्याचा हक्क बुडत नाही. तथापि हक्क कायद्यात असणे वेगळे आणि तो कचेरीत शाबीत करणे वेगळे. महाराष्ट्राच्या जात प्रमाणपत्र कायद्याने (हा कायदा २००१ साली अमलात आला) जात सिद्ध करण्याचा भार दावा सांगणाऱ्यावरच टाकला आहे. धर्माच्या रकान्यात ‘बौद्ध’, आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर जुनी जात आणि नावात एका अक्षराची तफावत, एवढ्यावरून एखाद्या मुलीचा प्रवेश अडतो, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

आता माझ्याच एका चुकीची हकिगत सांगतो. ती सांगताना मला लाज वाटते. परंतु ती न सांगता तुम्हांला उपदेश करणे अप्रामाणिकपणाचे होईल.

सनद मिळून मला जेमतेम वर्ष झाले होते. राज्य सरकारच्या एका कार्यालयातील कनिष्ठ लिपिक माझ्याकडे आला. खातेनिहाय चौकशी होऊन त्याला बडतर्फ केले होते. तो आपल्याच समाजाचा आणि मीही आपल्याच समाजाचा. “साहेब, तुम्हीच करा,” असे तो म्हणाला व मी होकार दिला. मला दिवाणी न्यायालयाचे काम ठाऊक होते, म्हणून मी दिवाणी न्यायालयाचाच रस्ता धरला. सरकारला दोन महिन्यांची नोटीस दिली, मुदत संपल्यावर दावा लावला. चौदा महिन्यांनी न्यायालयाने सांगितले की हा दावा आमच्यापुढे चालूच शकत नाही.

न्यायालयाचे म्हणणे बरोबर होते. राज्य सरकारी कर्मचाऱ्यांच्या सेवाविषयक तक्रारींसाठी १९८५ च्या कायद्याखाली महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण स्थापन झालेले आहे. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे त्याचे काम चालते. तेथे जाण्यापूर्वी सामान्यतः खात्यातील अपील करावे लागते. बडतर्फीविरुद्ध त्या अपिलाची मुदत ४५ दिवसांची. अपिलाचा निकाल लागल्यापासून एक वर्षाच्या आत न्यायाधिकरणात अर्ज द्यावा लागतो. सहा महिन्यांत निकालच न लागल्यास ते सहा महिने संपल्यापासून वर्ष मोजतात. मी अपील केले नव्हते आणि मुदतही घालविली होती. पुढे एका जाणत्या वकिलाने विलंब माफ करवून घेतला. चौकशीत महत्त्वाच्या साक्षीदाराची उलटतपासणी करू दिली नव्हती, हा मुद्दा त्यांनी पहिल्याच दिवशी कागद चाळताना शोधला आणि त्याच मुद्द्यावर तो गृहस्थ कामावर परत गेला. परंतु मधल्या काळात त्याच्या थोरल्या मुलीचे शिक्षण सुटले होते. ते तिला परत मिळाले नाही. त्या माणसाने मला एका शब्दाने दोष दिला नाही आणि म्हणूनच ती गोष्ट मी विसरू शकलो नाही.

यातून पहिला धडा घ्या. वकील प्रामाणिक असणे आवश्यक आहे, परंतु तेवढे पुरेसे नाही. जमिनीच्या वाटपाचे काम उत्तम करणारा वकील सेवाविषयक कामात अनभिज्ञ असू शकतो. वैद्य निवडताना आपण डोळ्यांचा की हाडांचा हे पाहतो. येथेही तसेच पाहिले पाहिजे. ‘आपला माणूस’ हे विश्वासाचे कारण असू शकेल, अनुभवाचा दाखला नव्हे. तसेच उलट बाजूने, आपला आहे म्हणून तो कमी जाणत असेल, असे मानणेही गुलामीचेच लक्षण आहे.

मग अनुभव ओळखावा कसा? वकिलाला चार प्रश्न विचारा. विचारताना संकोच करू नका. जाणत्या वकिलाला असे प्रश्न आवडतात.

पहिला प्रश्न : माझे प्रकरण कोठे चालेल आणि तेथेच का? राज्य सरकारचा कर्मचारी न्यायाधिकरणात जातो. खासगी शाळेतील शिक्षकाला बडतर्फ केले, तर १९७७ च्या कायद्याखाली शाळा न्यायाधिकरणात तीस दिवसांच्या आत अपील करावे लागते. जातीचा दाखला देण्याचेच नाकारले, तर तीस दिवसांत अपील आहे. परंतु पडताळणी समितीने दाखला अवैध ठरविला, तर संविधानाच्या अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयाखेरीज दुसरे दार नाही. वकील हे दार कारणासहित सांगू शकला नाही, तर नमस्कार करून उठावे.

दुसरा प्रश्न : मुदत किती आणि ती कोणत्या दिवसापासून मोजावयाची? हुकूम आला तो लिफाफा फाडून फेकू नका. त्यावरील टपालाचा शिक्का हा तुमचा साक्षीदार आहे.

तिसरा प्रश्न : अशा प्रकारची कामे आपण पूर्वी चालविली आहेत काय? निकालाच्या प्रती पाहावयास मागा.

चौथा प्रश्न : मला जास्तीत जास्त काय मिळू शकेल आणि काय मिळणार नाही? रिट अर्जात उच्च न्यायालय सामान्यतः पुराव्याची फेरतपासणी करीत बसत नाही. अधिकार होता काय, म्हणणे मांडण्याची संधी दिली काय, कारणे दिली काय, हे ते पाहते. पुष्कळदा हुकूम रद्द होऊन प्रकरण त्याच अधिकाऱ्याकडे नव्याने निर्णयासाठी जाते. हे आधी सांगणारा वकील खरा. “काम शंभर टक्के करून देतो, आत ओळख आहे,” असे सांगणारा मनुष्य वकील असो वा दलाल, त्याच्या दारातून मागे फिरा.

आता पैशाची गोष्ट. निकाल लागल्यावर मिळणाऱ्या रकमेत वाटा मागण्यास वकिलाला मनाई आहे. फी आधी ठरवा, टंकलेखन, मुद्रांक व प्रवास यांचा खर्च वेगळा विचारा आणि पावती घ्या. कोऱ्या कागदावर सही करू नका. वकीलपत्र वाचून सही करा. मूळ दाखले स्वतःजवळ ठेवून छायाप्रती द्या. वकील बदलण्याचा हक्क तुम्हांला आहे आणि गैरवर्तनाची तक्रार महाराष्ट्र व गोवा वकील परिषदेकडे करता येते.

आणि ज्याच्याजवळ पैसा नाही त्याने काय करावे? १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे अनुसूचित जाती व जमातींच्या व्यक्तींना, तसेच स्त्रिया व बालके यांना विनामूल्य वकील मिळण्याचा हक्क आहे आणि त्यांना उत्पन्नाची अट नाही. प्रत्येक जिल्हा न्यायालयात हे कार्यालय आहे. न्यायाधिकरणातील कामालाही ही मदत मागता येते. अर्ज देताना मात्र लेखी म्हणा की मला सेवाविषयक अथवा जात पडताळणीच्या कामाचा अनुभव असलेला वकील द्यावा. ही भीक नव्हे, हा कायद्याने दिलेला हक्क आहे.

परंतु उत्तम वकीलही कागदाशिवाय पांगळा असतो. १० ऑगस्ट १९५० पूर्वीचे पुरावे आजच गोळा करा. आजोबा-पणजोबांच्या शाळेची नोंद, कोतवाल बुकातील जन्ममृत्यूची नोंद, वतनाचे कागद, जे मिळेल ते घ्या. कचेरी दाद देत नसेल, तर २००५ च्या माहिती अधिकाराच्या कायद्याखाली दहा रुपयांचा अर्ज टाका. उत्तरासाठी तीस दिवसांची मुदत आहे. पडताळणीत दक्षता पथकाचा अहवाल विरुद्ध गेला, तर त्याची प्रत मागा आणि लेखी उत्तर द्या. सुनावणीची एकही तारीख चुकवू नका. आपल्या विहाराने एक वही ठेवावी व तीत कोणत्या कुटुंबाचे कोणते कागद मिळाले आणि कोणते राहिले हे लिहावे. मुलगी बारावीला गेल्यावर धावपळ करण्यापेक्षा ती पाचवीत असतानाच हे काम पुरे करावे.

शेवटी महाडचे स्मरण देतो. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले, हे आपल्या घराघरांत ठाऊक आहे. त्याच वर्षी डिसेंबरात न्यायालयाचा तात्पुरता मनाई हुकूम आला, तेव्हा त्यांनी दुसरा सत्याग्रह स्थगित केला व खटला लढविला, हे आपण कमी सांगतो. उच्च न्यायालयाचा निकाल १७ मार्च १९३७ रोजी लागला. अस्पृश्यांना तळ्यावर मज्जाव करण्याची वहिवाट अनादी काळापासून आहे, हे वादींना सिद्ध करता आले नाही, म्हणून ते हरले. दहा वर्षे लागली; परंतु पुराव्याचा प्रश्न नेमका कोठे आहे हे आपल्या बाजूला नीट कळले होते.

तेव्हा हुकूम हाती आला की रडत बसू नका आणि चिडून कचेरीत भांडूही नका. त्यावर मिळाल्याची तारीख लिहा, लिफाफा जपून ठेवा आणि त्याच आठवड्यात जाणत्या वकिलाकडे जाऊन ते चार प्रश्न विचारा. मला ते प्रश्न त्या लिपिकाने विचारले असते, तर मी निरुत्तर झालो असतो. पण त्याची मुलगी शिकली असती.

जयभीम!