आधी पाणी बघा, मग मासा आणा

  आज मी शोभेच्या माशांबद्दल बोलणार आहे. पण त्याआधी माझी एक चूक सांगते.

दोन वर्षांपूर्वी आमच्या गटातल्या दोघींनी मासे पाळायचं ठरवलं. पुढं पिल्लं करून विकायची, असा विचार होता. गटाच्या अंतर्गत कर्जातून दोघींनी तीन-तीन हजार रुपये घेतले. मी त्यांच्याबरोबर पुण्याला गेले. एकाच दुकानातून, एकाच दिवशी, सारख्या काचेच्या टाक्या आणि सारखेच मासे आणले. प्रत्येकीला सहा मॉली आणि बारा निऑन टेट्रा. टेट्रा म्हणजे ते बोटभर, अंगावर निळा पट्टा आणि शेपटीकडे लाल असलेले मासे.

एक ताई वरच्या वाडीत राहते. तिथं डोंगरातल्या झऱ्याचं पाणी पाइपानं येतं. दुसरी खाली गावात, तिच्याकडं बोअरचं पाणी. तीन आठवड्यांत खालच्या ताईचे टेट्रा एकेक करून मेले. बैठकीत कुणीतरी म्हणालं, "हिच्या हाताला यशच नाही. मागं कोंबड्या गेल्या, आता मासे." ती मान खाली घालून बसली. हप्ता तिनं भरला, पण पुढच्या दोन बैठकांना आली नाही. त्या दिवशी मी काहीच बोलले नाही. ती माझी चूक.

नंतर मी वरच्या वाडीत गेले. तिथले टेट्रा मजेत होते, पण मॉली पंख मिटून जागच्या जागी थरथरत होत्या. दोघींच्या अंगावर कापसासारखी बुरशी आली होती. तिथून खालच्या ताईकडं गेले, तर तिच्या मॉलीनं पिल्लं घातली होती! मेलेले टेट्रा सगळ्यांनी मोजले, जगलेल्या मॉली कुणीच पाहिल्या नव्हत्या. दुकान एक, मासे एक, खाणं एक. फरक फक्त पाण्याचा होता.

जड पाणी आणि हलकं पाणी तुम्हाला नवीन नाही. ज्या पाण्यात साबणाला फेस येत नाही, डाळ लवकर शिजत नाही, हंड्याला आतून पांढरा थर धरतो, ते जड पाणी. शाळेच्या पुस्तकात त्याला दुष्फेन पाणी म्हणतात. त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार जास्त असतात. आपल्याकडं डोंगरात पाऊस भरपूर पडतो आणि खडकावरून झटकन वाहून येतो. म्हणून झऱ्याचं आणि धरणाचं पाणी बहुधा हलकं असतं. बोअरचं पाणी खडकाच्या फटींत बराच काळ मुरलेलं असतं, त्यात क्षार उतरतात.

आपल्याला जड पाणी चालतं, मग माशाला का नाही? मासा पाणी नुसतं पीत नाही, तो पाण्यातच जगतो. गोड्या पाण्यातल्या माशाच्या अंगात बाहेरचं पाणी सतत शिरत असतं आणि अंगातले क्षार बाहेर जात असतात. तो तोल सांभाळायचं काम कल्ले आणि मूत्रपिंड दिवसरात्र करतात. निऑन टेट्राचं मूळ ॲमेझॉनच्या खोऱ्यातलं, तिथलं पाणी फार हलकं. मॉली मेक्सिकोकडच्या, तिथल्या क्षारांच्या पाण्यात वाढणाऱ्या. पाणी उलटं मिळालं की माशाची ताकद तोल सांभाळण्यातच संपते आणि साधा रोगही त्याला पुरतो.

आता पाणी मोजायचं कसं? जलजीवन मिशनमध्ये गावोगावी पाच महिलांना पाणी तपासायला शिकवण्याची तरतूद आहे. त्यातली एखादी तुमच्याच गटात असेल. ग्रामपंचायतीत जलसुरक्षकाकडं तपासणी किटची चौकशी करा. त्यात कठीणपणाची तपासणी असते, आकडा लिटरला मिलिग्रॅममध्ये येतो. टीडीएस मीटरवर विसंबू नका. तो सगळेच क्षार एकत्र मोजतो, मिठाचेसुद्धा.

आकडा साधारण ७५ च्या आत आला, तर पाणी हलकं. त्यात टेट्रा चांगले राहतात. ७५ ते १५० मध्ये एंजल आणि फायटर ठेवता येतात. १५० च्या वर गेलं, तर गप्पी, मॉली, प्लॅटी आणि स्वोर्डटेल. गोल्डफिश मध्यम ते जड पाण्यात चांगला राहतो. हे आकडे दगडावरची रेघ नव्हेत. दुकानातले बरेच मासे शेततळ्यात किंवा टाक्यांत वाढवलेले असतात आणि तिथल्या पाण्याला सरावलेले असतात. म्हणून दुकानदाराला विचारा, "तुमचं पाणी कोणतं? बोअरचं की नळाचं?" आणि नवशिक्या बाईनं गप्पीपासून सुरुवात करावी. डासांच्या अळ्या खातात म्हणून आरोग्य खात्याचे लोक टाक्यांत सोडतात, तेच हे गप्पी. दुकानातले रंगीत गप्पी त्यांचेच भाऊबंद.

पाण्याला माशाजोगं करायला जाऊ नका. आपल्या पाण्याजोगा मासा निवडा. पावडरी टाकून पाणी आज बदललं, उद्या विसरलात, तर त्या चढउतारानंच मासा मरतो. फारच जड पाणी असेल, तर थोडं हलकं पाणी मिसळता येतं. ३०० चं पाणी एक बादली आणि ५० चं एक बादली, मिळून १७५. पण मग दर वेळी तेच माप धरायचं. पावसाचं पाणी वापरायचं तर पहिल्या सरी सोडून द्या, स्वच्छ पत्र्यावरचं घ्या, आणि नुसतं तेच कधी भरू नका.

आणखी एक गोष्ट बऱ्याच जणी चुकवतात. टाकीतलं पाणी वाफ होऊन कमी झालं की वरून बोअरचं पाणी ओततात. वाफ होते ती पाण्याची, क्षार खालीच राहतात. दोन-तीन महिन्यांत पाणी आणखी जड होतं. म्हणून आठवड्याला पाव टाकी पाणी काढा आणि तेवढंच भरा. टाकीत घालायच्या दगडावर लिंबू पिळून बघा. बुडबुडे आले, तर तो दगड पाणी जड करतो. शिंपले आणि संगमरवराचे तुकडेही तेच करतात.

मासे आणल्यावर पिशवी तशीच टाकीत पंधरा-वीस मिनिटं तरंगू द्या. मग दर दहा मिनिटांनी त्यात पेलाभर टाकीचं पाणी घाला. तासाभरानं मासे जाळीनं उचलून सोडा. सून घरात येते, तिलाही रुळायला वेळ लागतो की नाही?

मासा मेला की दर वेळी जडपणच कारण असेल असंही नाही. टीसीएल टाकलेलं नळाचं पाणी एक दिवस उघडं ठेवून मग वापरा. नव्या टाकीत एकदम खूप मासे सोडू नका, त्यांच्या घाणीनंच पाणी विषारी होतं. आणि नको झालेले मासे विहिरीत, ओढ्यात किंवा धरणात सोडू नका. तिथल्या आपल्या माशांवर संकट येतं.

प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत परसातल्या शोभेच्या माशांच्या व्यवसायासाठी महिलांना ६० टक्क्यांपर्यंत अनुदानाची तरतूद आहे. मत्स्यव्यवसाय कार्यालयात चौकशी जरूर करा. पण अर्जाच्या आधी पाणी तपासा.

आमच्या त्या दोघींनी काय केलं? वरच्या ताईनं उरलेल्या मॉली खाली दिल्या. आता वर टेट्रा आणि खाली मॉली, गप्पी. मी बैठकीत उभी राहून सगळ्यांसमोर सांगितलं, की दोष हाताचा नव्हता. सारखे मासे आणायला मीच सांगितलं होतं. खालची ताई त्या दिवशी आली होती. काही बोलली नाही, पण येताना बरणीत मॉलीची चार पिल्लं घेऊन आली होती. ती तिनं त्या बोलणारणीच्याच हातात दिली.

तर मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीनं आपल्या घरच्या पाण्याची एक बाटली घेऊन या. चिठ्ठीवर नाव लिहा आणि पाणी झऱ्याचं, विहिरीचं, बोअरचं की नळाचं, ते लिहा. एकदा आत्ता तपासू, एकदा मे महिन्यात, कारण उन्हाळ्यात विहिरीचा आकडा बदलतो. मासे नंतर आणू.