दुपारच्या पानाला स्वस्त वाइन



या सावनेर गावात वाइनवर बोलायचे तर आधी राम गणेश गडकऱ्यांना नमस्कार करावा लागतो. दारूच्या व्यसनावरच्या 'एकच प्याला'चा हा नाटककार 23 जानेवारी 1919 रोजी सावनेरातच निवर्तला आणि ते नाटक त्याच्या मागे रंगभूमीवर आले. म्हणून विषयाची मर्यादा सुरुवातीलाच सांगतो. न पिणाऱ्याने प्यायला लागावे असे मी सुचवत नाही. जी प्रौढ माणसे कायद्याने लागणारा परवाना काढून जेवणाबरोबर वाइन घेतातच, त्यांनी सुटीच्या निवांत दुपारी कोणती बाटली उघडावी, एवढाच आजचा प्रश्न आहे. माझे उत्तर असे की अशा जेवणाला स्वस्त वाइनच शोभते. मात्र ती निवडताना किंमत मागे ठेवून तीन गोष्टी पाहाव्यात: ताजेपणा, थंडावा आणि मद्यार्काचे कमी प्रमाण.

स्वस्त म्हणजे हलके, हा पहिला आक्षेप. त्याची तपासणी झालेली आहे. 2008 साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, किंमत झाकून वाइन चाखल्याच्या सहा हजारांहून अधिक नोंदी तपासल्या गेल्या. ज्यांनी चव घेण्याचे शिक्षण घेतलेले नव्हते, त्यांना महाग वाइन किंचित कमीच आवडली होती. त्याच वर्षीच्या दुसऱ्या प्रयोगात एकच वाइन दोन वेगवेगळ्या किमती सांगून दिली, तेव्हा जास्त किमतीची म्हणून दिलेली लोकांना अधिक चवदार लागली. यावरून किंमत काहीच सांगत नाही असे मात्र ठरत नाही. ओकच्या पिंपात मुरवणे, बाटलीत वर्षानुवर्षे सांभाळणे याला खर्च येतो आणि जाणकाराला तो चवीत कळतोही. पण गप्पा, लोणचे आणि गरम भाकरी यांच्या गर्दीत ते बारकावे हरवतात. परदेशी बाटलीच्या बाबतीत तर आणखी एक हिशेब आहे. आयात वाइनवर आपल्याकडे वर्षानुवर्षे 150 टक्के सीमाशुल्क होते. त्या पैशाने बाटलीतली चव वाढत नाही.

उलट महाराष्ट्राची वाइन राज्याच्या 2001च्या वाइन-धोरणापासून करसवलतीत वाढली. शेनिन ब्लां आणि सोव्हिन्यों ब्लां या पांढऱ्या द्राक्षांची वाइन नाशिकच्या सुला कंपनीने 2000 साली बाजारात आणली आणि आज अशा साध्या पांढऱ्या बाटल्या त्या मानाने परवडणाऱ्या दरात मिळतात. त्या मुरवण्यासाठी केलेल्या नसतात, वर्ष-दोन वर्षांत संपवण्यासाठी असतात. इथे सावनेरची खरी अडचण सुरू होते. आपल्या शिवारात संत्री आणि कापूस. द्राक्षाची बाटली येते सहाशेहून अधिक किलोमीटरांवरून, आणि नागपूरचा मे महिना 45 अंशांच्या पुढे जातो. तापलेल्या गोदामात राहिलेली वाइन, मग ती कितीही महाग असो, शिजल्यासारखी बेचव होते. म्हणून दुकानात आधी लेबलवरचे द्राक्षतोडणीचे वर्ष वाचावे, उन्हात मांडलेली बाटली नाकारावी आणि घरी आणल्यावर ती सरळ फ्रिजमध्ये ठेवावी. स्क्रूचे झाकण पाहून नाक मुरडू नये. ताज्या वाइनला ते चांगलेच.

दुसरा आक्षेप असा की आपल्या तिखटापुढे वाइन टिकत नाही. हा निम्मा खरा आहे. मिरची जिभेवरच्या ज्या उष्णतेच्या संवेदनांना चेतवते, त्यांनाच मद्यार्कही चेतवतो. त्यामुळे सावजी रश्श्यावर 14 टक्के मद्यार्काची तुरट लाल वाइन घेतली तर आग वाढते, तुरटपणा कडवट होतो आणि हजारो रुपये वाया जातात. पण हा दोष निवडीचा आहे. किंचित गोडसर, थंडगार आणि 12 टक्क्यांच्या आसपासची शेनिन ब्लां त्याच ताटात सुसह्य होते. सांबारवडीचा तळकटपणा आंबटसर सोव्हिन्यों ब्लां कापते. हुरड्याच्या बेताला किंवा वडाभाताला थंड रोझेही चालते. पाटोडीचा रस्सा फारच जहाल असेल तर मात्र ताकच बरे. कोणत्याही बाटलीच्या अभिमानापायी जेवणाची मजा घालवू नये.

तिसरा आक्षेप सगळ्यात वजनदार: वाइन म्हणजे शेवटी दारूच. जानेवारी 2022मध्ये मोठ्या सुपरमार्केटांत वाइन विकू देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने घेतला, तेव्हा द्राक्ष उत्पादकाचे हित एका बाजूला आणि हा आक्षेप दुसऱ्या बाजूला उभा राहिला होता. शेजारच्या वर्धा जिल्ह्यात तर दारूबंदीच आहे. हा आक्षेप मला मान्य आहे. 12 टक्क्यांच्या 150 मिलिलिटर पेल्यात 18 मिलिलिटर मद्यार्क असतो. म्हणजे व्हिस्कीच्या एका लहान पेगपेक्षा जास्तच. मद्याचे कोणतेही प्रमाण पूर्ण सुरक्षित नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने 2023 साली स्पष्ट केले आहे. वाइनला औषध किंवा फळांचा रस म्हणून खपवणे ही फसवणूक आहे. पण हाच आक्षेप माझ्या निवडीला बळ देतो. महागाची बाटली आपल्यावर संपवण्याचे दडपण आणते. साधी बाटली पाच जणांत एकेक पेला वाटली की संपते, आणि उरली तर टाकून देतानाही जीव तुटत नाही.

तेव्हा घेणाऱ्यांना माझे सांगणे एवढेच: बाटली ताजी घ्या, थंड करा, भरल्या पोटी एका पेल्यावर थांबा आणि त्यानंतर गाडीची किल्ली हातात घेऊ नका. आणि पाहुण्याने नको म्हटले, तर त्याला दुसऱ्यांदा विचारू नका.