एका फोटॉनमागे 18 रेणू

मागच्या रांगेत फिशपाँडची वाट पाहणाऱ्या मित्रमैत्रिणींनो,

लातूर पॅटर्नच्या गावात पाठांतराविरुद्ध बोलायचं म्हणजे धाडसच! तरी बोलतो. नांदेड-लातूरकडे रसायनशास्त्राची तोंडी परीक्षा घेताना मेकॅनिझम विचारला की फळ्यावर इलेक्ट्रॉनचे बाण भराभर पडतात. ‘हा बाण इथूनच का निघाला?’ म्हटलं की खडू थांबतो.

एक उदाहरण घेऊ. पॅथॉलॉजीत स्लाइड रंगवायला वापरतात ते गुलाबी इओसिन तुम्ही पाहिलं असेल. त्यावर हिरवा प्रकाश पडला की त्याचा रेणू उत्तेजित होतो, शेजारच्या रेणूशी इलेक्ट्रॉनची देवघेव करतो आणि रॅडिकल तयार होतो. साधा एलईडी पुरतो, तापवावंही लागत नाही. पहिली देवघेव कोणाशी झाली, याचा माग इओसिनची चमक कोणत्या पदार्थामुळे मंदावते यावरून काढता येतो. शिवाय रिअ‍ॅक्शनला चक्क बटण मिळतं. पण या बटणानंच भल्याभल्यांना चकवलं.

2008 साली प्रिन्स्टनमध्ये निसेविझ आणि मॅकमिलन यांनी रुथेनियमचं संयुग आणि प्रकाश वापरून अल्डिहाइडला नवा कार्बन जोडला. त्यानंतर अशा रिअ‍ॅक्शनची रीघ लागली. दिवा बंद केला की रिअ‍ॅक्शन थांबते, म्हणजे ही साखळी-अभिक्रिया नव्हे, असं अनेकांनी लिहून टाकलं. 2015 मध्ये विस्कॉन्सिनच्या सिस्मेसिया आणि यून यांनी मिश्रणानं शोषलेले फोटॉन मोजले. मॅकमिलन यांच्या त्या रिअ‍ॅक्शनमध्ये एका फोटॉनमागे तब्बल 18 रेणू तयार होत होते! म्हणजे एकदा तयार झालेला रॅडिकल पुढचे रेणू घडवत होता; साखळी होतीच. दिवा विझल्यावर ती इतक्या झटकन संपायची की चालू-बंदच्या प्रयोगात दिसायचीच नाही. मिळालेला पदार्थ खरा, त्याचं उत्पादन खरं. बदलावे लागले ते बाण. उलट एका फोटॉनमागचा हा आकडा एकाहून कमी आला तर साखळी नाहीच, असंही ठरत नाही, कारण बरेच फोटॉन वायाही जातात. हे परीक्षेत कुणी विचारत नाही. मी विचारेन.

मराठवाड्यात ऊन फुकट आहे. इटलीच्या चामिचियाननं शंभर वर्षांपूर्वी बोलोन्यात गच्चीवर उन्हात फ्लास्क ठेवूनच प्रकाशाचं रसायनशास्त्र केलं. तुमच्या कॉलेजलाही गच्ची आहे. सरांना विचारून प्रयोग लावा, पण जोडीला तसाच एक फ्लास्क फॉइल गुंडाळून ठेवा. अंधारातल्या फ्लास्कातही तेवढंच उत्पादन निघालं, तर प्रकाशाचं श्रेय काढून घ्या आणि वहीत तसंच लिहा.

आता फिशपाँड येऊ द्या. माझ्या नावाचाही असेल, तयारी आहे.