एका ‘निरुपयोगी’ ग्रंथीची कहाणी

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ह्या व्याख्यानमालेत ‘आरोग्य’ विषयावरचे पुष्प गुंफण्याची आज्ञा कार्यकारिणीने मला केली, तेव्हा मी थोडा गोंधळलो. मंडळात नामवंत डॉक्टर असताना केंद्र सरकारच्या सेवेत उभा जन्म फायली हाताळणाऱ्या एका बी. ए. झालेल्या माणसाला हा मान कशासाठी, असे मी चिटणिसांना विचारले. ते म्हणाले, “साहेब, डॉक्टरांचे बोलणे आम्हांला सगळेच कळते असे नाही. तुम्हांला जेवढे कळले असेल, तेवढे आम्हांलाही कळेल.” ह्या युक्तिवादापुढे माझे काही चालले नाही. तेव्हा आजचे हे भाषण म्हणजे एका सामान्य वाचकाने आपल्यासारख्या सुजाण श्रोत्यांशी केलेले हितगुज आहे, एवढेच समजावे.

विषय निवडताना मात्र मला फार विचार करावा लागला नाही. मार्च २०२० मध्ये देशातील प्रवासी गाड्या थांबल्या, आणि गावाकडे जाणारी आपली वाटच बंद झाली. त्या दोन वर्षांत आपल्यापैकी कित्येकांना जन्मदात्यांच्या अंत्यदर्शनालाही जाता आले नाही. त्याच काळात ‘प्रतिकारशक्ती’ हा शब्द घरोघरी पोचला. काढे, चूर्णे, गोळ्या, सरबते ह्यांच्या जाहिरातींनी तो इतका वापरला, की प्रतिकारशक्ती म्हणजे पिंपात पाणी भरावे तशी भरता येणारी एखादी वस्तू असावी, असा आपला समज झाला. हा समज कितपत खरा आहे? प्रयोगशाळांतून गेल्या सत्तर वर्षांत ह्या बाबतीत जे उजेडात आले, त्याची कहाणी मी आज सांगणार आहे. तिची नायिका आहे आपल्या छातीच्या हाडामागे, हृदयाच्या जरा वर असलेली थायमस नावाची एक लहानशी ग्रंथी.

कहाणीला आरंभ करण्यापूर्वी आपल्या परिचयाच्या एका प्रसंगाचे स्मरण करू. १८९६ साली मुंबईत प्लेगची साथ आली आणि पुढे ती पुण्यात पोचली. पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करतानाच सावित्रीबाई फुले ह्यांना संसर्ग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे देहावसान झाले. ह्या साथीवर लस शोधण्यासाठी वाल्डेमार हाफकिन हे शास्त्रज्ञ मुंबईत आले होते. तयार झालेली लस त्यांनी १० जानेवारी १८९७ रोजी प्रथम स्वतःला टोचून घेतली. परळची हाफकिन संस्था त्यांचेच नाव चालवते. हाफकिन हे एली मेचनिकॉफ ह्यांचे शिष्य. मेचनिकॉफ ह्यांनी १८८२ साली सिसिलीतील मेसिना येथे ताऱ्याच्या आकाराच्या एका सागरी जीवाच्या पारदर्शक अळीत गुलाबाचे काटे टोचले आणि त्या काट्यांभोवती फिरत्या पेशी गोळा झालेल्या पाहिल्या. शरीरात शिरलेल्या परक्या पदार्थाला गिळणाऱ्या पेशी असतात, हे त्यावरून स्पष्ट झाले.

परंतु एक कोडे उरलेच. गिळणाऱ्या पेशी कोणत्याही परक्यावर धावून जातात. मग प्लेगची लस टोचल्यावर शरीर नेमका प्लेगच कसा ओळखते? एकदा गोवर झालेल्या मुलाला तो सहसा पुन्हा का होत नाही? ही ओळख आणि ही स्मृती कोणाची? लस उपयोगी पडते हे हाफकिन ह्यांना ठाऊक होते. ती कोणत्या पेशींच्या द्वारा उपयोगी पडते, हे कळण्यास आणखी साठ-पासष्ट वर्षे लागली.

ते ज्ञान ज्या दोन अवयवांच्या अभ्यासातून आले, ते दोन्ही अवयव विद्वानांनी जवळजवळ निकाली काढलेले होते, ही ह्या कहाणीतील मौज आहे.

पहिला अवयव कोंबडीचा. पक्ष्यांच्या मलमार्गाजवळ एक छोटी पिशवी असते. इटलीतील पादुआचे शरीरशास्त्रज्ञ फॅब्रिशियस ह्यांनी तिचे वर्णन केले आणि त्यांच्या मृत्यूनंतर १६२१ साली ते प्रसिद्ध झाले. तिचे कार्य मात्र सव्वातीनशे वर्षे कोणाला उमगले नाही. १९५० नंतरच्या काळात अमेरिकेतील ओहायो स्टेट विद्यापीठात ब्रूस ग्लिक नावाचा एक विद्यार्थी ती पिशवी पिलांच्या शरीरातून काढून काय होते ते पाहत होता. विशेष काही घडले नाही. पुढे टिमोथी चँग ह्या सहाध्यायाला वर्गात प्रात्यक्षिक दाखवण्यासाठी कोंबड्या हव्या होत्या. त्याने ग्लिकच्या कोंबड्या उसन्या घेतल्या आणि त्यांना रोगजंतूंपासून केलेले द्रव्य टोचले. अशा वेळी रक्तात त्या जंतूविरुद्ध प्रतिपिंडे, म्हणजे डॉक्टर ज्यांना अँटिबॉडी म्हणतात ती, तयार व्हावयास हवीत. पिशवी काढलेल्या कोंबड्यांत ती झालीच नाहीत. प्रात्यक्षिक फसले, शोध मात्र लागला. त्यावरचा निबंध एका ख्यातनाम नियतकालिकाने परत पाठवला. अखेर १९५६ साली तो कुक्कुटपालनाच्या नियतकालिकात छापून आला. कोंबड्यांच्या त्या मासिकात मानवाच्या संरक्षणाची किल्ली दडली आहे, हे वैद्यकातील धुरीणांना कळण्यास काही वर्षे जावी लागली.

दुसरा अवयव म्हणजे आपली थायमस. लहानपणी ती मोठी असते, वय वाढेल तशी आक्रसत जाते. प्रौढ प्राण्यातून ती काढली तर लगेच काही बिघडत नाही. त्यामुळे ती उत्क्रांतीच्या प्रवासात मागे राहिलेली अडगळ असावी, असे अनेकांचे मत होते. मतावर भागले असते तर हरकत नव्हती. परंतु विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात, विशेषतः अमेरिकेत, धडधाकट दिसणारी बालके अचानक दगावली की वाढलेल्या थायमसने श्वास कोंडला, असे निदान होऊ लागले. ह्या निदानाच्या मुळाशी एक विपरीत गोष्ट होती. शवविच्छेदनासाठी येणारे देह बहुधा गरिबांचे, दीर्घ आजाराने खंगलेल्यांचे असत. आणि आजारात थायमस झपाट्याने आक्रसते. ते आक्रसलेले माप हेच योग्य माप मानले गेले. साहजिकच निरोगी बालकाची ग्रंथी ‘वाढलेली’ दिसू लागली. ती लहान व्हावी म्हणून हजारो तान्ह्या मुलांच्या गळ्या-छातीवर क्ष-किरण सोडण्यात आले. त्यांपैकी काहींना पुढे गळ्यातील थायरॉइड ग्रंथीचा कर्करोग झाला, आणि हा संबंध १९५० च्या सुमारास ध्यानी आला. ज्याचा उपयोग आपणांस कळत नाही ते निरुपयोगीच असले पाहिजे, ह्या अहंकाराची एवढी किंमत त्या अजाण जिवांनी मोजली.

हे चित्र पालटले ते जॅक मिलर ह्यांच्यामुळे. त्यांचा जन्म १९३१ साली फ्रान्समधील नीस येथे झाला आणि ते ऑस्ट्रेलियात वाढले. थोरल्या बहिणीचा क्षयाने झालेला मृत्यू त्यांनी बालपणीच पाहिला होता. १९६० च्या आसपास ते लंडनच्या एका कर्करोग संशोधन संस्थेसाठी उंदरांमधील रक्ताच्या कर्करोगाचा अभ्यास करीत होते. त्या ओघात त्यांनी नुकत्याच जन्मलेल्या उंदरांची थायमस काढली. नखाएवढ्या त्या पिलांवर शस्त्रक्रिया करणे किती कष्टाचे असेल, ह्याची कल्पनाच करावी! पिले जगली, वाढली आणि दूध सुटल्यावर काही आठवड्यांत खंगून मरू लागली. त्यांच्या रक्तात लिम्फोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी फारच थोड्या होत्या. साध्या संसर्गांनी ती पिले जात होती. दुसऱ्या जातीच्या उंदराची कातडी त्यांच्या अंगावर लावली, तर एरवी नाकारली जाणारी ती कातडी त्यांनी आपलीच मानून स्वीकारली. त्यांना परका ओळखताच येत नव्हता. १९६१ साली मिलर ह्यांनी हे निष्कर्ष प्रसिद्ध केले. पुढे जंतुविरहित वातावरणात वाढवलेली अशीच पिले मात्र मेली नाहीत. म्हणजे ती मरत होती संसर्गाने, शस्त्रक्रियेने नव्हे.

ह्या दोन धाग्यांची गाठ १९६५ साली अमेरिकेत मॅक्स कूपर, रॉबर्ट गुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बांधली. कोंबड्यांवरील प्रयोगांतून त्यांनी दाखवले, की लिम्फोसाइट पेशींचे दोन वर्ग आहेत. फॅब्रिशियसच्या पिशवीत तयार होणाऱ्या पेशींचे काम प्रतिपिंडे बनवण्याचे. थायमसमध्ये तयार होणाऱ्या पेशींचे काम निराळे. आज आपण ज्यांना बी पेशी आणि टी पेशी म्हणतो, त्या ह्याच. माणसाला ती पिशवी नाही. आपल्या बी पेशी अस्थिमज्जेत तयार होतात. १९६८ साली मिलर आणि त्यांचा विद्यार्थी ग्रॅहम मिचेल ह्यांनी मेलबर्न येथे आणखी एक पाऊल टाकले. बी पेशींना बहुतेक प्रसंगी टी पेशींचे साहाय्य लागते, हे त्यांनी सिद्ध केले. मी सरकारी माणूस असल्यामुळे मला हे चटकन पटले. लिहिणारा कितीही तयार असला, तरी वरून संमती आल्याखेरीज आदेश निघत नाही!

आता थायमसच्या आत काय चालते ते पाहू. अस्थिमज्जेतून आलेल्या कोवळ्या पेशींची ती शाळा आहे, आणि तिथली परीक्षा आपल्या लोकसेवा आयोगाच्या परीक्षेपेक्षाही कठोर आहे. प्रत्येक पेशीला पृष्ठभागावर एक वेगळ्या घडणीचा ग्राहक मिळतो. परक्याचा स्पर्श ओळखणारा तो जणू तिचा हात. पहिली कसोटी अशी, की आपल्या शरीराच्या पेशी ज्या रीतीने माहिती समोर धरतात, ती रीत तिला वाचता आली पाहिजे. दुसरी कसोटी ह्याच्या उलट आहे. स्वतःच्या शरीरावरच जी पेशी चवताळून उठते, ती बाद होते. शंभरातील जेमतेम दोन ते पाच पेशी उत्तीर्ण होऊन बाहेर पडतात. बाकीच्या तेथेच नष्ट होतात. ह्या उत्तीर्णांपैकी काही संसर्ग झालेल्या पेशीला मारतात, काही इतरांना साहाय्य करतात, आणि संसर्ग ओसरल्यावर त्यांच्यातील थोड्या स्मृती जपत वर्षानुवर्षे राहतात. लस म्हणजे ह्या पेशींना शत्रूची ओळख आधीच करून देणे, एवढेच.

परीक्षा कितीही कडक असली, तरी काही नाठाळ उमेदवार सुटतातच. त्यांना आवर कोण घालणार? ह्याचेही उत्तर थायमसनेच दिले. जन्मानंतर तिसऱ्या दिवशी उंदराची थायमस काढली, तर त्याच्या संरक्षक पेशी स्वतःच्याच अवयवांवर हल्ला करतात, असे जपानमध्ये दिसून आले होते. त्या धाग्यावरून शिमॉन साकागुची ह्यांनी १९९५ साली टी पेशींचा एक निराळा गट ओळखला. ह्या पेशींचे काम इतरांना आवरण्याचे. २००१ साली मेरी ब्रंकॉ आणि फ्रेड रॅम्सडेल ह्यांनी ह्या नियंत्रणामागचे जनुक शोधून काढले. ह्या तिघांना २०२५ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. आवर घालणे हेही संरक्षणाचेच अंग आहे, हे त्यातून जगापुढे आले.

आता मघाच्या प्रश्नाकडे येऊ. प्रतिकारशक्ती म्हणजे केवळ बळ नव्हे, ते मुख्यतः शिक्षण आहे. आपला कोण, परका कोण, केव्हा उठावे आणि केव्हा थांबावे, ह्याचे शिक्षण. नुसते बळ वाढवणे हिताचे असते, तर संधिवाताच्या काही प्रकारांत शरीर स्वतःचेच सांधे झिजवते, तेव्हा त्याला दुबळे करणारी औषधे डॉक्टर देते ना. चांगला आहार, पुरेशी झोप, तंबाखूपासून दूर राहणे ह्यांचे मोल आहेच. पण शत्रूची नेमकी ओळख बाटलीतल्या काढ्यातून होत नाही. ती संसर्गातून होते किंवा लसीतून. त्यांतला कोणता मार्ग कमी धोक्याचा, हे सुज्ञांस सांगणे नलगे. वयोमानाने आपली ही शाळा आक्रसते आणि नवे विद्यार्थी फारसे बाहेर पडत नाहीत. म्हणून नातवंडांच्या लसींचे वेळापत्रक आपण पाळतो, तसेच आजी-आजोबांना कोणत्या लसी हव्यात, हेही डॉक्टरांना विचारावे, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

ह्या संशोधनाची फळे आता आपल्या दाराशी आली आहेत. मुंबईच्या पवईतील भारतीय तंत्रज्ञान संस्था आणि टाटा स्मारक केंद्र ह्यांच्या सहकार्यातून एक उपचार सिद्ध झाला. त्यात रुग्णाच्याच टी पेशी बाहेर काढून, त्यांना कर्करोग झालेल्या बी पेशी ओळखण्यास शिकवून, परत शरीरात सोडतात. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याला मान्यता मिळाली. कोंबडीची पिशवी आणि उंदराची थायमस ह्यांतून निघालेली वाट अशी आपल्या मुंबईपर्यंत आली.

ग्लिक आणि मिलर ह्या दोघांनीही, ज्याचा उपयोग माहीत नाही त्याकडे पाठ फिरवली नाही. आपल्या घरात ‘कशाला हवे ते?’ असे काही विचारणारी मुले असतील, तर त्यांना गप्प करू नका. हे विचारणे चालू राहिले, तरच उत्तर सापडते.

 मंडळाच्या पुढील पन्नास वर्षांस माझ्या हार्दिक शुभेच्छा.

जय हिंद! जय महाराष्ट्र!